डाळ हेच रोपाचं पहिलं पान: बी उगवण्यापासून बीजपत्रं गळेपर्यंतची काळजी

आमच्या घरी डाळिंब्यांची उसळ असली की मोड आलेले वाल सोलायचं काम आजीकडे असायचं. कोमट पाण्यातला वाल चिमटीत दाबला की साल बोटांत राहायची आणि डाळिंबी सुटून पातेल्यात पडायची. त्या डाळिंबीच्या कडेला एक बारीक पांढरी शेपटी असते. ती शेपटी म्हणजे रोपाचं पहिलं मूळ, आणि जे दोन जाड भाग आपण उसळीत खातो ती त्या रोपाची पहिली दोन पानं. शाळेच्या पुस्तकात त्यांना बीजपत्रं म्हणतात. तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ ही सगळी सोलून वेगळी केलेली बीजपत्रंच. कडधान्यांना द्विदल म्हणतात ते याच दोन दलांमुळे.

गेली काही वर्षं पुण्यातल्या सहकारनगरच्या गच्चीवर मी भाज्यांची रोपं तयार करते आणि ओळखीच्यांना वाटते. रोपं नेणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक खत, कीड आणि फळाबद्दल असतात. पण बिघडलेलं रोप पाहिलं की गडबड पुष्कळदा पहिल्या १५ दिवसांतच झालेली दिसते, बीजपत्रांच्या दिवसांत. माझ्याकडूनही सुरुवातीला हेच झालं. टोमॅटोच्या ट्रेमध्ये दोन-दोन साध्या, लांबट पानांची रोपं वर आली. टोमॅटोच्या कातरलेल्या पानांशी त्यांचं काहीच साम्य नव्हतं, म्हणून तण समजून मी निम्मा ट्रे उपटला. पुढच्या खेपेला बीजपत्रं ओळखली, पण ती पिवळी पडायला लागल्यावर रोग समजून खुडून टाकली. म्हणून हा लेख फळापर्यंत जात नाही. बी निवडण्यापासून बीजपत्रं गळून पडेपर्यंतच थांबतो.

आधी एक बी उघडून पाहा

पेरण्याआधी दहा मिनिटं काढा. वाल, पावटा किंवा राजमा रात्रभर भिजवा. सकाळी पुसून कोरडा करा आणि त्याच्या अंगावरचा व्रण शोधा. वालावर तो पांढऱ्या भुवईसारखा ठळक असतो. बी शेंगेला इथेच चिकटलेलं होतं. व्रणाजवळ बोटांनी हलकं दाबलं की एका बारीक छिद्रातून पाण्याचा थेंब डोकावतो. त्याच छिद्राच्या बाजूने पुढे मूळ बाहेर पडतं.

आता साल काढून दोन्ही दलं अलगद उघडा. एका दलाला चिकटलेलं इवलंसं रोप दिसेल: एका टोकाला अणकुचीदार आदिमूळ, दुसऱ्या टोकाला घडी घातलेली दोन सूक्ष्म पानं, म्हणजे अंकुर. सगळा मिळून तांदळाच्या कणीएवढा. बाकी सगळा ऐवज दलांमध्ये असतो. गिरणीत डाळ करताना हा अंकुर निखळतो, म्हणून डाळ कितीही भिजवली तरी तिला मोड येत नाहीत.

गहू, ज्वारी, मका एकदल. त्यांच्या दाण्यातला पांढरा पिठाळ भाग बीजपत्र नसतो, तो भ्रूणपोष. बीजपत्र एकच, पातळ ढालीसारखं, अंकुर आणि भ्रूणपोष यांच्यामध्ये बसलेलं. ते दाण्याबाहेर कधीच येत नाही. आत राहून भ्रूणपोषातलं अन्न शोषायचं आणि अंकुराला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून बीजपत्र म्हणजे अन्नाचं कोठार हे शाळेतलं उत्तर अर्धंच बरोबर आहे. वालात ते कोठार आहे, गव्हात ते वाढपी आहे, आणि टोमॅटोत काय आहे ते पुढे येईलच. कोंब आलेला नारळ फोडल्यावर आत जो गोडसर स्पंजासारखा गोळा सापडतो, तोही बीजपत्राचाच वाढलेला भाग. खोबरं आणि पाणी तो आतल्या आत शोषून घेत असतो.

बियाणं: पाकीट वाचा, उगवण तपासा

मार्केट यार्डाकडच्या बियाण्याच्या दुकानातून घ्या किंवा मंडईजवळून, पाकिटावर दोन गोष्टी बघायच्या: उगवणक्षमतेची टक्केवारी आणि परीक्षणाची तारीख. कांद्याचं बी एका वर्षात बरंच दुबळं होतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर ३-४ वर्षं टिकतं. दुकानात पाकीट उन्हात टांगलेलं असेल तर घेऊ नका. उष्णता आणि दमटपणा यांनी बी आतून संपतं, आणि वरून ते कळत नाही.

गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगाचं बी म्हणजे त्याला बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केलेली असते. ते पेरायला चांगलं, पण मोड आणून खायला किंवा मुलांच्या प्रयोगाला अजिबात वापरू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

उगवण तपासायची पद्धत शेतकऱ्यांचीच आहे. पावसाळ्याआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं धरतात. घरी २० बिया पुरतात. जुना सुती रुमाल भिजवून घट्ट पिळा, बिया एकमेकींना न चिकटता मांडा, गुंडाळी करून सैल झाकणाच्या डब्यात ठेवा. मेथी, मुळा, मूग ३-४ दिवसांत कळतात. टोमॅटोला ८, मिरचीला १४ दिवस द्या. २० पैकी १६ उगवल्या तर ८० टक्के. उगवण ५० टक्के असेल तर एका खड्ड्यात दोन बिया टोका. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या बियाण्यात माती आणि दिवस घालवू नका.

मोजताना नुसता मोड पाहू नका. मूळ सरळ, पांढरं आणि टोकाशी शाबूत हवं, दलं अखंड हवीत. दलं तुटलेल्या किंवा काळे डाग पडलेल्या बिया उगवलेल्यांत धरायच्या नाहीत, कारण त्यांची रोपं मागेच राहतात.

भिजवणं, आणि वाफसा

बी भिजणं ही जिवंतपणाची खूण नव्हे. मेलेलं बीही पाणी पितं आणि फुगतं; कोरडा स्पंज फुगतो तसंच ते. जिवंत बियात मात्र पाणी शिरल्यावर काही तासांत श्वसन सुरू होतं, आणि त्याला हवा लागते. इथेच पुष्कळ बिया मरतात. २४-२४ तास वाटीभर पाण्यात बुडवून ठेवल्या की आत गुदमरतात, आणि पाण्याला आंबूस वास येतो.

मटकीला मोड आणताना आपण हे बरोबर करतो: ८-१० तास भिजवायचं, मग पाणी पूर्ण काढून फडक्यात बांधायचं. गाठोड्यात ओल असते आणि हवाही असते. संध्याकाळी गाठोड्यावर हात ठेवून पाहा, ते कोमट लागतं. हजारो दाण्यांच्या श्वसनाची ती ऊब असते. शेतात या अवस्थेला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो, म्हणजे मातीच्या कणांत पाणीही आहे आणि हवाही. कुंडीतल्या मातीचीही हीच कसोटी लावा.

किती भिजवायचं? मेथी ६-८ तास. भेंडी रात्रभर. कारल्याचं कवच फार टणक, ते कडेने पॉलिश पेपरवर हलकं घासून २४ तास, मध्ये एकदा पाणी बदलून. धने हे खरं तर फळ आहे, आत दोन बिया असतात, म्हणून लाटण्याखाली किंवा तळव्यात रगडून दोन फाका करायच्या आणि मग रात्रभर भिजवायचं. टोमॅटो, मिरची, वांगं भिजवायची गरज नाही. सोयाबीन आणि घेवडा थेट पाण्यात बुडवू नका. त्यांची साल पातळ असते, पाणी घाईने आत शिरतं आणि दलांना भेगा पडतात. त्यांना ओलसर मातीच हळूहळू पाणी पाजते, ते त्यांना मानवतं.

बहावा आणि गुलमोहर या झाडांच्या बिया पाणी आतच घेत नाहीत. उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून त्यावर ओतायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या, उरलेल्यांना पुन्हा तेच.

माती आणि खोली

पुण्याची काळी माती एकटी वापरू नका. भिजली की चिकट आणि सुकली की दगड. रोपांसाठी मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत घेते, त्यात दहा मुठींना एक मूठ बारीक वाळू. बी उगवायला खत लागत नाही, शिदोरी दलांत असते. गांडूळखत पुढच्या पानांसाठी. कच्चं, अर्धवट कुजलेलं कंपोस्ट मात्र बिलकुल नको, त्यातली बुरशी कोवळ्या देठांवर तुटून पडते.

रोपवाटिकेत मिळतो तो प्रो-ट्रे, म्हणजे छोट्या छोट्या खणांचा ट्रे, उत्तम. नसला तर खाली भोकं पाडलेले दह्याचे डबेही चालतात. खोलीचा नियम सोपा आहे: बियाच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट. टोमॅटो, वांगं, मिरची अर्धा सेंटिमीटर, मेथी एक, मूग-घेवडा दोन ते तीन. तुळस आणि लेट्यूस वर पेरून नुसतं दाबायचं, लेट्यूसच्या बियाला तर उगवायला उजेडही लागतो. काकडी, भोपळा, दोडका यांचं चपटं बी आडवं ठेवा. का, ते पुढे.

खूप वर पेरलं तर बी सुकतं. खूप खोल पेरलं तर दलांतलं अन्न उजेडापर्यंत पोचण्यातच संपतं, आणि रोप मातीखालीच दमून मरतं.

मातीखाली काय चालतं ते पाहायची सोय

माती उकरून पाहायचा मोह प्रत्येकाला होतो, म्हणून एक ग्लास बाजूला लावा. उभ्या काचेच्या ग्लासात आतून टिपकागद किंवा टिश्यूचे ३-४ थर लावा, मध्ये कापूस भरा, आणि काच व कागद यांच्यामध्ये मूग, हरभरा, गहू, मका असे दाणे अडकवा. तळाशी बोटभर पाणी. दाणे पाण्याच्या वर राहिले पाहिजेत.

पहिल्या दिवशी फक्त फुगणं. मग साल फुटते आणि सगळ्यात आधी मूळ बाहेर येतं, कोंब नंतर. रोपाला आधी पाण्याची सोय लागते आणि बूड टेकायला जागा लागते. दाणा उलटा ठेवला असेल तरी मूळ वळून खालीच जातं: मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते तळाशी जिथे बसतात त्यावरून खालची दिशा ठरते. मूळ बोटभर झालं की ग्लास आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाने काटकोनात वळण घेतलेलं दिसेल.

याच दिवसांत दलांमध्ये मोठी उलथापालथ चाललेली असते. साठवलेला स्टार्च आणि प्रथिनं आहेत तशी मुळापर्यंत जाऊ शकत नाहीत, ती आधी विरघळणाऱ्या साखरेत आणि अमिनो आम्लांत मोडावी लागतात. ते काम विकरांचं, म्हणजे एन्झाइमचं. गव्हात अंकुराकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक दाण्याच्या बाहेरच्या थराला पोचतं, तिथे अमायलेज हे विकर तयार होतं आणि भ्रूणपोषाचं पीठ साखरेत मोडायला लागतं. आपल्याकडे बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात ते याच जोरावर. नाचणीला मोड आणून, वाळवून दळलं की तिची पेज पातळ आणि गोडसर होते, कारण अमायलेजने घट्टपणा आणणारा स्टार्च काही अंशी मोडलेला असतो. बाळाला सोपं जातं ते अन्न मुळात त्या कोंबासाठी सोपं केलेलं होतं.

वर कोण येतं, खाली कोण राहतं

चौथ्या-पाचव्या दिवशी ग्लासात एक गोष्ट ठळक दिसते. मुगाची दलं उचलली जाऊन वर आली आहेत, हरभऱ्याचा दाणा मात्र जिथल्या तिथे आहे आणि त्यातून नुसता कोंब वर गेला आहे. ही दोन वेगळी घराणी आहेत.

दलं मातीबाहेर आणणारे: मूग, उडीद, मटकी, चवळी, वाल, घेवडा, सोयाबीन, मेथी, टोमॅटो, वांगं, मिरची, मुळा, काकडी, भोपळा, सूर्यफूल, एरंड, चिंच. यांत दलांच्या खालचा देठ लांबतो आणि दलांना वर ढकलतो. दलं मातीतच ठेवणारे: हरभरा, वाटाणा, मसूर, तूर, आंबा, फणस. यांत दलांच्या वरचा भाग वाढतो. भुईमूग मधलाच, त्याची दलं जमिनीच्या पृष्ठभागाशी येऊन थांबतात.

हा फरक पुस्तकापुरता नाही, पेरताना रोज उपयोगी पडतो. हरभऱ्याला फक्त अणकुचीदार कोंब वर काढायचा असतो, म्हणून तो ५ सेंटिमीटरवरूनही सहज येतो. वर पक्ष्याने कोंब खुडला तरी मातीत राहिलेल्या दलांच्या बगलेतल्या डोळ्यातून दुसरा कोंब येऊ शकतो. सोयाबीन किंवा घेवडा मात्र दोन जाड दलं डोक्यावर घेऊन मातीतून वर येतो. पेरल्यावर जोराचा पाऊस आला, मग कडक ऊन पडलं आणि मातीवर पापडी धरली की त्याची मान मोडते. शेतात त्यासाठी पापडी फोडतात. गच्चीवर पेरल्यावर वर बारीक कोकोपीटचा पातळ थर द्या आणि पाणी झारीनेच घाला. दलांच्या खाली मान मोडली की रोप गेलंच, खाली नवा डोळाच नसतो. दलांच्या वरून शेंडा तुटला असेल तर टाकू नका, दलांच्या बगलेतून फुटवा येण्याची आशा असते.

वर येताना देठ सरळ न येता आकड्यासारखा वाकलेला असतो. मातीशी घासते ती आकड्याची पाठ, कोवळा अंकुर मागे दलांच्या कुशीत सुरक्षित येतो. उजेड लागला की आकडा सरळ होतो. तो बोटाने सरळ करायला जाऊ नका. कांद्याच्या रोपाचा वाकलेला गुडघाही असाच आपोआप सुटतो.

काकडी-भोपळ्याची युक्ती मला सगळ्यांत आवडते. त्यांच्या देठाच्या बुडाशी एक छोटी पाचर तयार होते. ती कवचाच्या खालच्या अर्ध्या भागात अडकते आणि दलं त्यातून मोज्यातून पाय काढावा तशी निघून वर येतात. बी आडवं असेल तर हे नीट जमतं, म्हणून आडवं पेरायचं.

बीजपत्रांचे दिवस

बीजपत्रं उघडली की त्यांच्याकडे बघून त्यांचं काम ओळखा. जाड, मांसल आणि पुढे सुरकुतणारी असतील, जशी मुगाची, ती कोठारं. १०-१२ दिवसांत रिकामी होऊन गळतात. पातळ, रुंद आणि हिरवीगार होणारी असतील, जशी टोमॅटोची, मुळ्याची, काकडीची, ती चालू स्वयंपाकघरं. बारीक बियांत शिदोरी थोडीच, म्हणून ती उघडताच उन्हात अन्न तयार करायला लागतात, आणि खरी पानं येईपर्यंत रोपाची सगळी कमाई त्यांच्यावरच चालते. काकडीची बीजपत्रं तर मूळ आकाराच्या कितीतरी पट वाढतात आणि काही आठवडे काम करतात.

दुसरं म्हणजे ती ओळखायला शिका. मुळ्याची दोन बदाम जोडल्यासारखी, धन्याची दोन लांब पट्ट्यांसारखी, मेथीची लंबगोल, मिरचीची टोकदार. खऱ्या पानाचा आकार यांत शोधायचा नाही. मूग, घेवडा, चवळीत आणखी एक गोंधळ होतो. दलांनंतर समोरासमोर दोन साधी पानं येतात, त्यांना लोक बीजपत्रं समजतात. ती खरी पानं आहेत. त्यापुढची त्रिदल, म्हणजे एका देठावर तीन पात्यांची, येतात. दलं त्यांच्या खाली, देठाला चिकटलेली असतात.

आता काळजी. पहिली उजेडाची. पहिला आकडा मातीबाहेर दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात न्या, सगळ्यांची वाट पाहू नका. अंधारात रोप दलांतली सगळी शिदोरी लांब होण्यात खर्च करतं. घटस्थापनेला आपण हेच बघतो: देवघराच्या कोपऱ्यात परडीतल्या काळ्या मातीत पेरलेला गहू दसऱ्यापर्यंत वीतभर होतो, पण पिवळसर आणि नाजूक. उजेडाअभावी हरितद्रव्य तयार झालेलं नसतं आणि वाढ सगळी दाण्यातल्या साठ्यावर झालेली असते. दसऱ्याला टोपीत खोवायला तो तुरा सुंदर दिसतो, टोमॅटोच्या रोपाला मात्र ती तब्येत चालणार नाही. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली. जून ते सप्टेंबर ढगाळ असताना ट्रे छपराच्या अगदी कडेला ठेवा.

दुसरी पाण्याची. या दिवसांत रोपं जातात ती तहानेपेक्षा ओलीने. देठ मातीलगत करपट होऊन चिमटतो आणि वरचं हिरवंगार रोप आडवं पडतं. याला रोप कोलमडणं म्हणतात, मातीतल्या बुरशींचं ते काम. एकदा कोलमडलेलं रोप वाचत नाही. ते मातीसकट काढा, शेजारची माती सुकू द्या, पाणी सकाळीच आणि ट्रे खालून भिजवून द्या, हवा खेळती ठेवा. पेरताना बियांना ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची भुकटी) चोळलं तर बराच बचाव होतो. प्रमाण किलोला ५ ग्रॅम, म्हणजे पाकीटभर बियांना चिमूटभर.

तिसरी टोपीची. कधी कधी कवच बीजपत्रांच्या टोकाला अडकून राहतं आणि पानं उघडत नाहीत. बहुधा बी वर पेरलेलं असतं किंवा वरचा थर सुकलेला असतो, त्यामुळे कवच ओढून काढायला मातीचं घर्षण मिळत नाही. कोरडं कवच ओढलं तर बीजपत्रं तुटतात. त्यावर पाण्याचा थेंब ठेवा, तासभर थांबा, पुन्हा थेंब. मऊ झालं की टाचणीच्या टोकाने सैल करा.

चौथी विरळणीची. एका खणात दोन रोपं आली तर कमजोर रोप उपटू नका, मातीलगत कात्रीने कापा. उपटताना शेजारणीची मुळं हलतात.

स्वतः करून बघायचा एक प्रयोग

घरात शाळकरी मूल असेल तर हा नक्की करा. घेवड्याच्या १२ बिया एकाच दिवशी सारख्या कुंड्यांत पेरा आणि तीन-तीन रोपांचे चार गट करा. पहिल्या गटाला हात लावू नका. दुसऱ्यात दलं उघडताच एक दल कापा. तिसऱ्यात त्याच दिवशी दोन्ही कापा. चौथ्यात पहिलं त्रिदल पान पूर्ण उघडल्यावर दोन्ही कापा. कात्री स्वच्छ हवी आणि मधल्या शेंड्याला धक्का लागता कामा नये. दर तिसऱ्या दिवशी उंची आणि पानांची संख्या लिहा.

तिसरा गट ठळकपणे खुरटतो, एखादं रोप जातंही. दुसरा थोडा मागे राहतो. चौथ्यात आणि पहिल्यात फार फरक उरत नाही, कारण तोवर दलांनी देण्यासारखं सगळं दिलेलं असतं. पिवळं बीजपत्र कधी निर्धास्तपणे बघायचं, याचं उत्तर या वहीत मिळतं: दोन-तीन खरी पानं असतील तर पिवळेपणा नैसर्गिक, खरं पान यायच्या आत पिवळं पडलं तर पाणी जास्त आहे किंवा उजेड कमी आहे. दोन्ही प्रसंगी खुडायचं नाहीच. ते आपोआप गळतं.

पुनर्लागण

बीजपत्रं मोजायची नाहीत, खरी पानं मोजायची. टोमॅटो ३-४ खऱ्या पानांवर, साधारण २५-३० दिवसांत. मिरचीला ३५-४० दिवस लागतात. ट्रेमधून काढताना रोप देठाला धरू नका. देठ चिमटला तर दुसरा नाही. बीजपत्राला धरा आणि खालून मुळांचा गठ्ठा उचला. बीजपत्र फाटलं तरी आता चालतं. टोमॅटो बीजपत्रांपर्यंत मातीत गाडला तरी चालतो, त्याच्या देठाला नवी मुळं फुटतात. काकडी-भोपळा होता त्याच खोलीवर लावा, आणि शक्यतो त्यांना हलवूच नका, थेट जागेवर टोका. मुळा, गाजर आणि मेथीही थेट.

पुण्यात केव्हा पेरायचं

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं. तेव्हा मिरची-वांग्याचं बी तीन आठवडे नुसतं पडून राहू शकतं. ट्रे रात्री घरात घ्या. मेथी, मुळा, वाटाणा, धने यांना मात्र ही थंडी मानवते. फेब्रुवारीच्या मध्यापासून काकडी, भेंडी, दोडका. एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला भिडतो, ट्रे तासाभरात सुकतो. जाळीखाली ठेवा, दोनदा पाणी द्या आणि कोथिंबिरीचा हट्ट धरू नका. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस सुरू झाला की कडधान्यं आणि वेल थेट पेरा. पावसाळी टोमॅटोची रोपं मात्र त्याआधी, मेच्या शेवटी टाकलेली बरी.

याच दिवसांत घरात आंब्याच्या कोयी साचतात. कोय वाळवून ठेवली तर आतलं बी मरतं, म्हणून खाल्ल्यावर धुऊन काही दिवसांतच लावा. बाहेरचं टणक कवच कडेने सावकाश उघडून आतलं बी काढलं तर उगवण लवकर आणि सरळ होते. बाकदार कड वर ठेवून पेरा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस, लोंबत्या पानांचा कोंब वर येतो. आंब्याची दलं मातीखालीच राहतात, तेव्हा "कोय अजून आहे का" म्हणून माती उकरू नका. ते रोप पुढचे काही आठवडे तिच्यावरच जगत असतं.